धानके सर आणि हिरड्याचा ठिपका

हल्ली शहापुरात कुठल्याही औषधाच्या दुकानात जा, काउंटरवर हिरव्या डब्यांची उतरंड दिसते. कसलीतरी पूड, कसलातरी रस, वर पानाफळांची चित्रं. सूज उतरेल, सांधे मोकळे होतील, रक्त शुद्ध होईल. ओळखीचं कुणी भेटलं की हातातला डबा माझ्यापुढे धरून विचारतं, सर, घेऊ का हे? मी इतिहासाचा मास्तर, मला त्यातलं काय कळणार. पण माझ्या तोंडून आपसूक निघून जातं, 'कुणाच्या अंगात?' समोरचा गोंधळून बघत राहतो. हा प्रश्न माझा नाही. तो धानके सरांचा आहे, आणि तो विचारताना मला दर वेळी त्यांची आठवण येते आणि दर वेळी त्यांचा रागही येतो. सर गेले, त्यांचे थोरले भाऊ गेले, वहिनीही गेल्या. ज्यांच्यासाठी तोंड बंद ठेवायचं होतं त्यांच्यापैकी आता कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

मुरबाडच्या ज्या कॉलेजात आम्ही दोघं होतो तिथे ते रसायनशास्त्र शिकवत. मी शहापूरहून एसटीत बसायचो, ते शेणव्याला चढायचे, आणि तिथून पुढचा सगळा रस्ता त्यांच्या बोलण्यात जायचा. घरची भातशेती थोरला भाऊ बघायचा. घरात आई, भाऊ आणि वहिनी. भावाला मूलबाळ नव्हतं आणि सरांनी लग्न केलं नाही. उंच माणूस, खांदे जरा पुढे पडलेले, आणि दोन्ही हातांच्या बोटांची टोकं कायम काळी. नवी पोरं समजायची की सर शेतात राबून येतात. ते डाग हिरड्याचे होते. हिरड्याचा रस लोखंडाला लागला की काळी शाई होते, आणि सर रोज घरच्या अडकित्त्याने हिरडा फोडायचे. साबणाने ते डाग निघत नसत, आणि निघावेत अशी त्यांना काही घाईही नव्हती.

स्टाफरूममध्ये हा माणूस कुणाला फारसा आवडत नसे. कारण साधं होतं. कुणी म्हणालं की जांभूळ साखरेवर चांगलं, की लगेच यांचं, कुणाच्या अंगात? कुणी म्हणालं आवळ्याने माझ्या सासूचे गुडघे सुटले, की सासूबाई आणखी काय खातात, झोपतात किती, गुडघे सुटले हे कुणी बघितलं, अशी उलटतपासणी सुरू. आजीने सांगितलंय म्हणा, ग्रंथात आहे म्हणा, अमेरिकेत सिद्ध झालंय म्हणा, तिन्हींना त्यांचा एकच चेहरा. माणूस कौतुकाने काही सांगायला यावा आणि आरोपी होऊन परत जावा, असा प्रकार. आमच्या संस्कृतच्या बाई तर ते आले की डब्याचं झाकण लावून घेत. मी मात्र ऐकायचो. एसटीत दुसरं करण्यासारखं नव्हतंच, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडायचंही.

त्यांच्याकडून मला जे समजलं ते असं. झाडं आपल्या सालीत, फळात, पानात काही तुरट-कडू द्रव्यं साठवतात. हिरड्यात ती खच्चून भरलेली. प्रयोगशाळेत ही द्रव्यं सूज आणणाऱ्या पेशींवर टाकली तर त्या पेशी शांत होतात, हे खरं. पण पेशी काचेच्या बशीत असतात आणि माणूस बशीत नसतो. 'आपलं शरीर या द्रव्याला दारातल्या अनोळखी पाहुण्यासारखं वागवतं,' ते म्हणायचे. लहान आतडं त्याला बहुतेक आत घेतच नाही. ते तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथे जंतूंची मोठी वस्ती असते. ते जंतू त्याचे तुकडे करतात, आणि ते लहान तुकडे मग रक्तात शिरतात. तिथे यकृत उभंच असतं. ते प्रत्येक तुकड्याला काहीतरी बांधतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. या सगळ्या धावपळीत त्या तुकड्याने सुजेवर काही काम केलं तर केलं. आणि मुख्य गोष्ट अशी की वस्ती प्रत्येकाची वेगळी. एकाच्या पोटात तो तुकडा पाडणारे जंतू असतात, दुसऱ्याच्या पोटात नसतात. दोघांनी एकच हिरडा खाल्ला तरी दोघांच्या अंगात एकच गोष्ट घडेल असं नाही. 'तोंडात गेलं म्हणजे अंगात गेलं, असं समजू नका,' हे त्यांचं वर्गातलं ठरलेलं वाक्य. पोरं ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची.

एकदा त्यांनी वर्गातल्या सगळ्या मुलांना बीट खायला दिलं. काहींच्या लघवीला लाल रंग येतो, काहींच्या येत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, कुणाला रंग आला? सगळ्यांचे हात वर. एकूण एक. मुलींचेसुद्धा, माना खाली घालून. सर आधी खूश झाले, मग त्यांच्या लक्षात आलं. गुरुजींना जे हवंय त्याला होकार देऊन मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची रीत. ते इतके चिडले की तास सोडून स्टाफरूममध्ये आले. 'अरे, रंग तुमचा आहे, त्याला मार्क नाहीत,' असं पोरांना सांगितलं म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'आपल्या माणसांना नाही म्हणायची चोरी आहे. यांच्यावर विज्ञान कसं करायचं सांगा.' मी हसलो होतो. तेव्हा ती हसण्याचीच गोष्ट होती.

दुसरी आठवण त्या रसवाल्याची. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला असल्या मंडळींचं पेवच फुटलं होतं. टाय लावलेला एक गृहस्थ प्राचार्यांची ओळख सांगत स्टाफरूममध्ये शिरला. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, त्यात आयोडीन टाकलं, पाणी तपकिरी झालं. म्हणाला, हे तुमच्या शरीरातलं विष. मग बाटलीतला जांभळा रस ओतला, तपकिरी रंग गेला. बायकांनी अगंबाई केलं. सर कोपऱ्यात पेपर तपासत होते. उठले, कँटीनमधून अर्धं लिंबू आणलं, दुसऱ्या पेल्यात तसंच आयोडीन टाकलं आणि लिंबू पिळलं. तोही रंग गेला. मग त्या गृहस्थाला अगदी शांतपणे विचारलं, 'तुमच्या नसांतून आयोडीन वाहतं का?' रसवाला गेला, पण प्राचार्यांच्या पत्नीने त्याच्याकडून आधीच खोकंभर बाटल्या घेतल्या होत्या. त्याची वसुली सरांकडून पुढे कितीतरी वर्षं झाली, टाइमटेबलच्या रूपाने.

हे सगळं डोकं ते कशासाठी चालवत होते, ते मात्र फार थोड्यांना माहीत होतं. त्यांच्या आईला आमवात होता. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा त्या माउलीने मला नमस्कार केला, आणि मला ते हात दिसले. बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली, पेरांवर गाठी, मनगटं सुजून तापलेली. कल्याणच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी सूज आटोक्यात राहायची, पण आठवड्याची गोळी घेतली की दोन दिवस मळमळायचं, अन्न जायचं नाही. आणि गेली कित्येक वर्षं त्या हिरड्याचा काढाही पीत होत्या. शेजारच्या म्हातारीला त्याच काढ्याने बरं वाटतं, उतारा पडतो. आपल्या आईला का नाही? सरांच्या सगळ्या संशोधनाचं मूळ एवढंच. आईच्या पोटात तो तुकडा पाडणारे जंतूच नसतील, असा त्यांचा कयास होता, आणि त्याचीच त्यांना भीती होती.

पीएचडीला त्यांनी हाच विषय घेतला. मार्गदर्शक मुंबईचे, मोठं प्रस्थ. कॉलेजात तर साधी वजनकाट्याची बोंब. सरांनी काचेच्या पट्ट्या घरी घासून स्वच्छ केल्या, त्यांच्यावर पांढऱ्या पुडीचा पातळ लेप दिला, आणि मार्गदर्शकांच्या प्रयोगशाळेतून जुना निळा दिवा मागून आणला. हिरडा खाल्लेल्या माणसाच्या लघवीचा अर्क त्या पट्टीवर चढवायचा आणि दिव्याखाली धरायची. तो तुकडा तयार झाला असेल तर एका ठरावीक उंचीवर निळसर ठिपका चमकतो. नसेल तर तिथे काही दिसत नाही. कॉलेजातल्या शिपायांच्या, पोरांच्या, माझ्या स्वतःच्या लघवीवर त्यांनी हा प्रयोग करून बघितला होता. काहींचा ठिपका चमकला, काहींचा नाही. माझा नाही चमकला. 'तुम्ही हिरडा खाऊ नका सर, उगाच तोंड कडू,' असं सांगून त्यांनी मला कायमचं निकालात काढलं.

खरी तपासणी व्हायची होती गावातल्या बायकांची. सांधे धरलेल्या आणि न धरलेल्या, दोन्ही. आईही त्यांत. टोकावड्याच्या पुढून, घाटाकडून आणलेला हिरडा सरांनी स्वतः कुटला, पुड्या बांधल्या, घरोघर दिल्या. बरोबर खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या लहान बाटल्या, प्रत्येकीवर नाव. पुडी खाऊन तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी बाटलीत घेऊन आणून द्यायची. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी सरांना जन्मापासून माहीत होती आणि तरी पुड्या वाटून होईपर्यंत सुचली नाही. ते त्याच गावचे. गावात सुना म्हणून आलेल्या निम्म्या बायकांना ते मोठे दीर लागायचे, उरलेल्यांना चुलत सासरे. त्यांच्या समोरून जाताना ज्या बायका पदर सावरून भिंतीला लागतात, त्या स्वतःची लघवी हातात धरून त्यांच्या दारात येणार होत्या. म्हणून मग ठरलं की बाटल्या वहिनींनी गोळा करायच्या. वहिनी वयाने मोठ्या, सगळ्या बायकांत मिसळणाऱ्या. सर सकाळी पिशवी घेऊन दारात उभे, शेणव्याला गाडीचा टाइम होत आलेला. वहिनींनी आतून बाटल्या आणून दिल्या. सगळ्या भरलेल्या, बुचं घट्ट लावलेली.

दोन दिवसांनी दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. खिडक्यांना गोणपाट लावले होते. दिवा लावला आणि पट्टी पुढे धरली. एका रांगेत, एकाच उंचीवर, निळसर ठिपके. सगळ्यांचे. सारखेच. एकही बाई सुटली नव्हती. मी म्हटलं, सगळ्यांच्याच अंगात? काळं बोट एका ठिपक्याखाली टेकवून ते म्हणाले, 'हा आईचा.' त्यांचा आवाज बदलला होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना छळलं, संस्कृतच्या बाईंना डबा झाकायला लावला, पोरांचे वर गेलेले हात बघून जो तास सोडून निघून आला, त्याला त्या पट्टीवरच्या इतक्या सारख्या ठिपक्यांचा संशय आला नाही. आला असेलही, पण त्यांना तो नको होता. त्यांना आईचा ठिपका हवा होता आणि तो समोर चमकत होता.

त्यावरून त्यांनी जे मांडलं ते कागदावर फार सुंदर दिसत होतं. पिढ्यान्‌पिढ्या हिरडा खाणाऱ्या या पट्ट्यातल्या बायकांच्या पोटात ते जंतू टिकून आहेत, सगळ्यांच्या. आईच्या अंगातही द्रव्य बनतंय. मग काढा लागू पडत नाही तो कमी आणि अनियमित घेतल्यामुळे. मार्गदर्शक खूश झाले, कुठल्याशा परिषदेत त्यांनी ते वाचलं. आणि घरी आईने नेहमीचं तुणतुणं लावलं, बाळा, त्या गोळ्या बंद कर, जीव नको करतो. इतकी वर्षं सर नाही म्हणत आले होते. या वेळी हो म्हणाले. कल्याणच्या डॉक्टरांना न विचारता म्हणाले. हिरड्याची मात्रा वाढवली, वेळा बांधून दिल्या आणि गोळ्या थांबवल्या.

गोळीची मळमळ गेली, त्यामुळे पहिले काही दिवस आई जेवायला लागली, हसायला लागली. सर एसटीत मला सांगायचे आणि मलाही बरं वाटायचं. मग सूज परत आली ती सगळ्या अंगभर आली. गुडघे, खांदे, जबडासुद्धा. सर म्हणायचे थोडा वेळ लागेल, आत बनतंय ते, दिसलंय मला. पावसाळा संपेपर्यंत आई अंथरुणाला खिळल्या. पुढे कल्याणला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की सांध्यांची झीज झाली ती झाली, आता गोळ्यांनी ती भरून येणार नाही. ताटातला घास उचलून तोंडात घालणं त्यांना पुन्हा कधी जमलं नाही.

त्याच सुमाराची गोष्ट. सर आईच्या खाटेशी बसून तिच्या मनगटाला शेक देत होते, आणि आईला म्हणावं तसं स्वतःशीच म्हणत होते की तुझ्यात तर दिसलं होतं गो, मग असं कसं. चुलीशी वहिनी होत्या. त्या तिकडूनच म्हणाल्या, 'भावजी, ती आईंची नव्हती.'

सरांना कळलं नाही.

'बाटली वो. कुनाचीच नव्हती. माजी पुडी मी खाल्ली व्हती, सगळ्या मीच भरल्या.' बायांना लाज वाटत होती, त्यांनी बाटल्या रिकाम्या आणून ठेवल्या. काहींनी तर पुडीही खाल्ली नव्हती. आईंना हातात बाटली धरवत नव्हती. 'तुमी दारात हुबे, गाडीचा टाइम झालेला. तुमचं काम आडायला नको म्हनून. मला काय ठाव, परतेकाचं येगळं आसतं.'

हे मला सरांनी एसटीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत, किन्हवलीच्या पुढे कुठेतरी. वहिनींवर ते चिडले नव्हते. रात्रीची आणि सकाळची मिळून, त्या बाईने माझ्यासाठी जपून साठवून ठेवली हो, असं म्हणाले आणि हसले. ते हसणं मला अजून सहन होत नाही. वहिनींनी एकच मागणं मागितलं होतं, ह्यांना सांगू नका. ह्यांना म्हणजे भावाला. भाऊ तापट. आईचे हात बायकोच्या भिडस्तपणामुळे गेले हे त्याला कळलं असतं तर त्या घरात काय झालं असतं ते सांगायला नको. सरांनी शब्द दिला.

आणि त्या शब्दापायी स्वतःचं वाटोळं करून घेतलं. मुंबईला जाऊन मार्गदर्शकांना म्हणाले, नमुने चुकीचे आहेत, निष्कर्ष मागे घ्यायला हवा. काय चुकलं ते सांगता येईना. एवढंच म्हणाले की बाटल्या भरताना मी स्वतः पाहिलं नव्हतं. मार्गदर्शक म्हणाले, 'लघवी भरताना कोण बघतं, धानके?' त्यांचं बरोबरच होतं. वर म्हणाले की पुन्हा करा गुपचूप, पण वाचलेला निबंध मागे घेणं वगैरे जमणार नाही. पुन्हा कुणावर करणार? गावात आता त्यांचा हिरडा कुणी हातात धरायला तयार नव्हतं. म्हातारीला पोरानेच औषध देऊन पांगळी केली, असं लोक बोलायचे, आणि ते त्यांच्या कानावर जायचं. सरांनी प्रबंध दिलाच नाही. विद्यापीठातून नाव काढून घेतलं. कॉलेजात सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की धानक्यांनी आकडे बनवले होते आणि पकडले गेले. संस्कृतच्या बाईंनी मला खास बाजूला घेऊन सांगितलं, एवढा दुसऱ्यांना प्रश्न विचारणारा माणूस, बघा. मी त्यांना काहीच बोललो नाही, कारण सरांनी मलाही शब्दात बांधून ठेवलं होतं. त्या शब्दाचा मला आजही राग आहे. एका माणसाचं नाव धुळीला मिळालं, कशासाठी, तर एका बाईला तिच्या नवऱ्यासमोर मान खाली घालायला लागू नये म्हणून. मी असतो तर बोललो असतो. पण मग मी धानके नसतो, हेही खरं.

कळस झाला तो पुढेच. कल्याणच्या एका पूडवाल्याने तो परिषदेतला निबंध कुठून तरी मिळवला आणि हिरड्याच्या डब्यावर छापून टाकलं, की ग्रामीण ठाण्यातल्या स्त्रियांवर सिद्ध झालेलं. तो डबा प्राचार्यांनीच स्टाफरूममध्ये आणून टेबलावर ठेवला, सर समोर बसलेले असताना. कुणी तरी विचारलं, काय धानके, घ्यायचा का हा? सगळे वाट बघत होते की आता ते विचारतील, कुणाच्या अंगात. सरांनी डबा उचलला, वाचला, जागेवर ठेवला आणि तासाला गेले. त्या दिवसानंतर तो प्रश्न त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

आई गेल्या तेव्हा मी शेणव्याला गेलो होतो. नंतर माझी निवृत्ती झाली, एसटीचं जाणं-येणं सुटलं, भेटी कमी झाल्या. सर नोकरी लवकर सोडून घरीच असतात एवढं ऐकून होतो. एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला त्या बाजूला गेलो आणि परत येताना वाकडी वाट करून त्यांच्या घरी गेलो. ती शेवटची भेट. भाऊ शेतावर होते. ओटीवर वहिनी बसल्या होत्या आणि सर मोरीत भांडी घासत होते. मला बघून वहिनी उठायला गेल्या आणि त्यांना उठता आलं नाही. तेव्हा मी त्यांच्या हातांकडे बघितलं. पेरं फुगलेली, मनगटं लाल. बोटं बाहेरच्या बाजूला वळायला लागली होती.

सर हात पुसत आले. कल्याणला दाखवून आणलंय म्हणाले, गोळ्या दिल्यात, पण घेत नाहीत. माझी साक्ष काढायची म्हणून वहिनींनी मलाच मध्ये घेतलं. 'सर, तुमीच सांगा यांना. माज्या आंगात बनतंय ना ते हिरड्याचं. यांनीच काचेवर बघितलंय. सगळ्या बाटल्यांत चमाकलं ते माजंच व्हतं. मग मला गोळ्या कशाला?'

सर माझ्याकडे बघून म्हणाले, 'ऐकलंत? त्या सगळ्या प्रयोगात खरी एवढी एकच बाई होती. आईच्या अंगात बनत होतं की नव्हतं, ते आता कधीच कळायचं नाही. यांच्यात बनतं, आणि तरी हे हात बघा.' मग, सवयीने असेल, म्हणाले की एका बाईवरून सिद्ध काहीच होत नाही. मला वाटतं, ते स्वतःलाही तेच समजावत असावेत. मला त्यांची कीव आली. हे असं लिहायला बरं वाटत नाही, पण आली.

त्यांनी गोळी काढली, तांब्याभर पाणी आणलं आणि वहिनींच्या समोर जमिनीवर बसले. मोठ्या भावजयीशी बोलावं तसं नव्हे, आजारी पोराशी बोलावं तसं म्हणाले, 'वहिनी, माजं चुकलं होतं. ते बनतं, पन त्यानं काय होत नाय. माज्यासाठी घ्या.' माझ्यासाठी म्हटल्यावर वहिनींनी लगेच हात पुढे केला. गोळी तोंडात टाकली, दोन्ही तळव्यांत तांब्या धरून पाणी प्यायल्या, आणि मान हलवली, गिळली म्हणून.

सर उठले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, 'तोंड उघडा.'

वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं. परका पुरुष समोर. त्यांनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि तोंड उघडलं. सरांनी वाकून आत बघितलं, मग काळ्या बोटाने त्यांची जीभ हळूच वर केली. गोळी तिच्याखाली तशीच होती.